धोरण, संशोधन आणि व्यवसायातील नैतिक पेच : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवर होणाऱ्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर, मी काही वर्षांपासून सामान्य सदस्य आहे, म्हणजे डॉक्टरही नाही आणि संशोधकही नाही. त्याआधीची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. प्रशिक्षणवर्गांत तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, पीएचडीचे विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. ही उत्तरे म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे. जेथे माझे स्वतःचे मत आहे तेथे तसे म्हटले आहे आणि ते न पटण्याची मोकळीक वाचकाला आहेच.

प्रश्न : नैतिक पेच नेमका कशाला म्हणायचे?

दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर उभी राहतात, दोन्ही खरी असतात आणि एक पाळायला जावे तर दुसरे मोडते, तेव्हा त्याला पेच म्हणावे. आपल्याकडे त्यासाठी धर्मसंकट हा जुना आणि नेमका शब्द आहे. उन्हाळ्यात तहसील कार्यालयात रोज घडणारे उदाहरण घ्या. टँकर एकच आहे. एकीकडे रस्त्यालगतचे तीन हजार वस्तीचे गाव आहे आणि दुसरीकडे डोंगराच्या कुशीतला चाळीस घरांचा तांडा आहे, ज्याची विहीर महिन्यापूर्वीच आटली आहे. डोकी मोजून खेपा ठरवल्या तर तांड्याच्या वाट्याला दोन दिवसांआड एक खेप येते. निकड पाहून ठरवल्या तर गावातल्या शेकडो घरांचे रांजण कोरडे राहतात. येथे कोणीही लबाड नाही आणि तरीही कोणाचे तरी देणे राहून जाणार आहे. पेचाची हीच खूण मी धरतो : निर्णय योग्य असूनही तो घेणाऱ्याच्या मनाला टोचणी राहते. ती टोचणी ज्याला जाणवत नाही, त्याने बहुधा दुसरी बाजू ऐकूनच घेतलेली नसते.

प्रश्न : वरिष्ठांचा दबाव किंवा पुढाऱ्याचा फोन हाही नैतिक पेचच आहे ना?

माझ्या मते नाही. न झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तकात करावी असा दबाव कनिष्ठ अभियंत्यावर येतो, तेव्हा बरोबर काय आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रश्न फक्त बदली सोसण्याची तयारी आहे का, एवढाच असतो. ती अडचण मोठी आहे, तिची टिंगल करण्याचे कारण नाही, परंतु तिला पेच म्हटले की चुकीच्या बाजूलाही थोडे पुण्य चिकटते. त्याच अभियंत्याचा खरा पेच जून महिन्यात येतो. ओढ्यावरचा पूल जवळजवळ पूर्ण आहे, भारचाचणी व्हायची आहे, पहिल्या पावसाने खालचा कच्चा रस्ता वाहून गेला आहे आणि पलीकडच्या वाडीत दिवस भरलेली बाई आहे. पूल खुला करावा की नाही, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात पुरतेपणी मिळत नाही.

प्रश्न : जायकवाडीच्या पाण्याचा वाद हा हक्काचा आणि राजकारणाचा आहे. त्यात नीतीचा प्रश्न कुठे येतो?

हक्काच्या भागाचे उत्तर कायद्याने बरेचसे दिलेले आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये असे म्हटले आहे की, तुटीची झळ खोऱ्यातील सर्वांनी सारखी सोसावी म्हणून ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील उपलब्ध पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावे. त्याला धरून प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरकडील वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. इतके होऊनही वरच्या बाजूच्या द्राक्षबागायतदाराचे म्हणणे खोटे ठरत नाही. त्याने पंचवीस वर्षे पाण्याचा भरवसा धरून बाग उभी केली, कर्ज काढले, आणि आता ऐन हंगामात दारणा किंवा मुळा धरणाचे दरवाजे उघडताना त्याने पाहायचे. शिवाय कोरड्या नदीपात्रातून सोडलेले पाणी वाटेत मुरते, उपसले जाते. वर जेवढे कापले तेवढे नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचत नाही. म्हणजे एकाचे नुकसान पूर्ण होते आणि दुसऱ्याचा लाभ अर्धामुर्धा. तरीही पाणी सोडणे योग्य आहे असे मी म्हणतो, कारण खाली प्रश्न पिण्याच्या पाण्याचाही असतो, आणि वरचा भरवसा हा खालच्यांना न विचारता धरलेला होता.

मात्र आपल्या बाजूनेही एक गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही. जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे आणि त्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, परभणी जिल्ह्यातला जो शेतकरी बसला आहे, त्याच्यापर्यंत आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) पोचेपर्यंत वरच्या चाऱ्यांवर (पोटकालव्यांवर) उसाची भरणी होऊन गेलेली असते. नाशिककडे समन्याय मागणारा माणूस स्वतःच्या चारीवर टेलच्या शेतकऱ्यासाठी दार खाली करतो का, हा प्रश्न मी प्रत्येक वर्गात विचारतो. वर्गात शांतता पसरते. मग कोणीतरी हसून म्हणते, "साहेब, ते वेगळं आहे."

प्रश्न : लातूरला रेल्वेने पाणी आणणे योग्य होते का?

योग्य होते, आणि ते पुरेसे नव्हते हेही खरे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. भागाकार केला तर माणशी जेमतेम सव्वा लिटर येते. पुढे मोठ्या गाड्या आल्या. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि विहिरींभोवती जमावबंदी लावावी लागली होती, म्हणजे परिस्थिती किती टोकाला गेली होती ते कळते. गाडी शहराला मिळते कारण शहराला स्थानक असते आणि शहराचे हाल छायाचित्रात दिसतात; आजूबाजूच्या खेड्यांची तहान तेवढीच असूनही ती टँकरच्या वहीतच राहते. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्यास सांगितले. ऐकणाऱ्याला हा निर्णय अगदी सोपा वाटतो. ज्या कंत्राटी कामगाराची पाळी त्यामुळे बंद झाली त्याच्या घरी तो सोपा नव्हता. निर्णय मला मान्य आहे. परंतु पाणी कापताना त्या कामगाराच्या मजुरीचे काय करायचे, हेही त्याच दिवशी ठरायला हवे होते.

प्रश्न : मदत सर्वांना सारखी द्यावी की ज्याचे जेवढे गेले तेवढी?

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे द्यायची ठरली ती तीन आकारांची : २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. कोणाला कोणते, हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान, मोठ्या खातेदाराला सर्वांत मोठे.

या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याच्या घरात ज्वारीची पोती, कडबा, अवजारे आणि चार जनावरे यायची आहेत त्याला जागा जास्त लागते, आणि वाड्यात राहिलेल्या माणसाला दोन खोल्यांत बसवले तर तो घर वापरत नाही. विरुद्ध बाजूही तितकीच सबळ आहे. भूकंपाने दगडमातीचे घर पाडताना सातबारा पाहिला नव्हता, आणि सरकार सर्व काही नव्याने उभारत असताना जुनी उतरंड चौरस फुटांत मोजून पुन्हा बांधून देणे हा नाइलाज नव्हता. पुनर्वसित गावात एका आजोबांनी मला दोन घरांच्या भिंती पावलांनी मोजून दाखवल्या होत्या. "हे माझं, हे मालकाचं," एवढेच ते म्हणाले. मला विचाराल तर किमान आकार सर्वांना एकच ठेवून धान्य-जनावरांसाठीची जागा वेगळी जोडून द्यायला हवी होती. पण हे मी तीस वर्षांनंतर, छपराखाली बसून म्हणतो आहे. त्या ऑक्टोबरमध्ये पाऊस चालू होता आणि माणसे पत्र्याखाली होती.

प्रश्न : शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात तलाठ्याने किंवा तहसीलदाराने दयेने वागावे की नियमाने?

शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरावे लागते. त्यात शेतजमीन, बँकेचे अथवा मान्यताप्राप्त सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी पाहिल्या जातात. प्रत्यक्षात जमीन सासऱ्याच्या नावावर असते, कर्ज कृषी सेवा केंद्राच्या उधारीचे किंवा विनापरवाना सावकाराचे असते आणि तगाद्याचा कागद कुठेच नसतो. तेव्हा पंचनामा लिहिणाऱ्याच्या हातात फार मोठी गोष्ट असते, कारण एका वाक्याच्या फरकाने घर पात्र किंवा अपात्र होते.

खोटे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज एका घराच्या भल्यासाठी लिहिलेले खोटे उद्या दुसऱ्या गावात पैसे घेऊन लिहिले जाते आणि मग खऱ्या प्रकरणांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पण 'नियमाने' याचा अर्थ आपण फार आखडता घेतो. उधारीच्या वह्या, दोन साक्षीदारांचे जबाब, मागच्या तीन हंगामांची नापिकी हे सगळे नोंदवण्याची मुभा असते आणि ती कोणी वापरत नाही, कारण त्यात दोन दिवस जास्त जातात. विधवेचा जबाब तिच्याच शब्दांत घ्यावा. "मयत हा कर्जबाजारीपणास कंटाळून" हे साच्यातले वाक्य तिने उच्चारलेलेही नसते. आणि तिसऱ्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, "दारू पीत होते का?" असे चारचौघांत विचारू नये. मी स्वतः तरुणपणी विचारले आहे. त्या वेळी दारात उभा असलेला नववीतला मुलगा मला अजून आठवतो.

बातमीदारांसाठीही हाच पेच वेगळ्या रूपाने येतो. बातमी दडपली तर व्यवस्था सुटते. रंगवून छापली तर कडेलोटावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला वाट दाखवल्यासारखे होते. म्हणून भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या सूचनांप्रमाणे पद्धतीचे वर्णन, छायाचित्र आणि एकच कारण ठोकून देणे टाळावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक बातमीसोबत द्यावा.

प्रश्न : संशोधनात संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली का?

कागदापुरती मिळाली. एका गावातल्या आरोग्य सर्वेक्षणात मी निरीक्षक म्हणून गेलो होतो. समाजकार्याची पदवी घेतलेली एक मुलगी ओसरीवर बसून चार पानी संमतीपत्र वाचत होती. समोरची बाई पाटीतल्या मेथीच्या काड्या मोडत ऐकत होती. वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "मावशी, समजलं का?" ती म्हणाली, "समजलं की बाई. अंगठा कुठं द्यायचा तेवढं सांग." मुलगी हुशार होती. तिने शाईची डबी झाकली आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, उद्या तुम्हाला रक्त द्यायचं नसलं तर काय करायचं?" बाईचे हात थांबले. तिने आधी उंबऱ्यात बसलेल्या सासूकडे पाहिले, मग सोबत आलेल्या आशाताईंकडे. "नाही कसं म्हणावं? तुम्ही दवाखान्याची माणसं. उद्या सुनेचं बाळंतपण तिथंच हाय."

नकार देण्याची किंमत जिथे माणसाला अशी दिसते, तिथे होकाराला फारसा अर्थ उरत नाही, मग कागद कितीही निर्दोष असो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरक्षर व्यक्तीच्या संमतीसाठी त्रयस्थ साक्षीदार सांगितला आहे. आमच्याकडे तो साक्षीदार बहुतेक वेळा आशाताई किंवा सरपंचाचा माणूस असतो, म्हणजे ज्याच्यासमोर नाही म्हणणे सर्वांत अवघड, नेमका तोच. आम्ही काही साध्या गोष्टी करून पाहिल्या : माहिती एके दिवशी द्यायची आणि अंगठा दुसऱ्या दिवशी घ्यायचा, आशाताईंनी घर दाखवून निघून जायचे, तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी मुलगी पाठवायची आणि ऐकलेले परत सांगायला लावायचे. नकारांचे प्रमाण वाढले. संशोधक नाराज झाले. समितीला मात्र तोच संमती खरी असल्याचा पुरावा वाटला.

प्रश्न : तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला काहीच न देणे न्याय्य आहे का?

या प्रश्नावर जगभर ज्याची चर्चा झाली असे एक संशोधन आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले आहे, आणि येथील फार थोड्या लोकांना ते माहीत आहे. १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झाला. त्यात टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांचा सहभाग होता. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीची तपासणी मिळाली. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना अभ्यासातर्फे तपासणी दिली गेली नाही. जिल्ह्यात तेव्हा जी नेहमीची व्यवस्था होती तीच त्यांच्यासाठी राहिली आणि तपासणी कुठे करून घेता येईल हे त्यांना सांगण्यात आले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूच्या चाचणीने) या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते : त्या गटात ३४, तुलनेच्या गटात ६४.

हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. टीकाकारांचे म्हणणे असे की तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत दशकानुदशके ठाऊक होते आणि हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने संशोधनासाठी घालून दिलेली तत्त्वे, तुलनागटालाही सिद्ध झालेला सर्वोत्तम उपाय मिळावा अशी अपेक्षा ठेवतो. मग एकतीस हजार बायकांना तपासणीवाचून ठेवून मृत्यू का मोजायचे? संशोधकांच्या बाजूचे उत्तर असे की जिल्ह्यात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, म्हणून कोणाकडून काही काढून घेतले गेले नाही, आणि ग्रामीण भागात, कमी खर्चात, एकाच फेरीत कोणती पद्धत उपयोगी पडते हे आधी माहीत नव्हते. निष्कर्षही तसाच निघाला. या अभ्यासात पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि डोळ्यांनी पाहून केलेली तपासणी यांनी मृत्यूंमध्ये ठळक घट दाखवली नाही. म्हणजे 'काहीतरी तपासणी द्या' एवढे म्हणून भागले नसते.

मी या बाबतीत बराच काळ संशोधकांच्या बाजूने होतो. आता माझे मत थोडे सरकले आहे. ज्या वाटणीत एका गावाच्या नशिबी चाचणी आणि शेजारच्या गावाच्या नशिबी पत्रक येते, ती वाटणी करणाऱ्याने निष्कर्ष हाती येताच वंचित गटाला काय मिळेल हे पहिल्याच दिवशी लिहून, पैशांची तरतूद करून ठेवले पाहिजे. नैतिकता समितीसमोर तुलनागट असलेला प्रस्ताव आला की मी तेच पान आधी शोधतो.

प्रश्न : सहभागी होणाऱ्यांना पैसे द्यावेत का?

बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे द्यावेच. त्याविना बोलावणे म्हणजे गरिबाकडून फुकट वेठ घेणे आहे. त्याहून खूप जास्त दिले तर धोका दिसत असूनही माणूस नाही म्हणणार नाही. मी गावातल्या त्या हंगामाच्या मजुरीचा दर विचारतो आणि तेथेच थांबतो.

प्रश्न : पीएचडीच्या प्रबंधात गावाचे नाव द्यावे की बदलावे?

अत्याचाराच्या किंवा बहिष्काराच्या घटनांवर काम करणारे विद्यार्थी हे हमखास विचारतात. नाव बदलण्याची प्रथा आहे, पण नुसते नाव बदलून लपत काही नाही. "डाव्या कालव्यालगतचे, महिला सरपंच असलेले, यात्रेवरून वाद झालेले गाव" असे लिहिले की तालुक्यातला कोणीही माणूस ते ओळखतो, आणि मुलाखत देणारी तीन घरे कोणती हेही. प्रबंध पुण्यात वाचला जाईल, पण त्याची छायाप्रत कधीतरी त्याच गावच्या पारावर येते. उलट सगळे तपशील पुसले तर ज्यांनी अन्याय केला तेही पुसले जातात आणि प्रबंधातला अन्याय कोणीच न केलेला होऊन बसतो. ज्यांना तेथेच राहायचे आहे त्यांनी हे ठरवावे, विद्यार्थ्याने नव्हे. काही वेळा तेच म्हणतात, "नाव टाका, आम्ही भीत नाही." तेव्हाही महिनाभर थांबून, घरातल्या बायकांना वेगळे विचारून मगच टाकावे.

प्रश्न : रुग्ण स्वतःच "पिशवी काढून टाका" म्हणत असेल तर डॉक्टरने काय करावे?

हा प्रश्न बीड जिल्ह्यातून येतो आणि तो डॉक्टर आणि ऊसतोड मजूर अशा दोन्ही बाजूंनी येतो. २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली.

बाई असे का म्हणते, हे फडावर गेल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या पत्र्यांना खर्च झालेली असते. पहाटे चारला तोड सुरू होते, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या असतात, कोपीजवळ (फडावरच्या झोपडीजवळ) पाणी नाही, आडोसा नाही, आणि पाळीच्या दुखण्याने खाडा झाला तर मुकादम तो उचलीत धरतो. अंगावरून पांढरे जात असते, कंबर धरलेली असते. अशा वेळी कोणीतरी "कॅन्सर होईल" असा शब्द टाकतो. तिशीतली, दोन-तीन मुले असलेली बाई हिशोब करते आणि स्वतःच्या पायाने दवाखान्यात येते.

ज्याने पैशांसाठी भीती घातली त्याचा पेच नाही. तो गुन्हेगारीचा विषय आहे. पेच त्या डॉक्टरचा आहे, जो तिला औषधाने बरे होईल असे समजावतो आणि ती म्हणते, "गोळ्या फडावर कोण आणून देणार?" तिचा निर्णय तिचा आहे हे मानावे, तर इतक्या कमी वयात गर्भाशय आणि कधीकधी अंडाशयही गमावल्याचे परिणाम ती पुढची चाळीस वर्षे भोगणार. तिला नकार द्यावा, तर ती पुढच्या चौकातल्या दवाखान्यात जाईल. परवानगीच्या नियमाने मनमानीला आळा बसला. पण खरोखर रक्तस्राव होणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या गावी आणखी एक फेरी आणि आणखी एक खाडा सोसावा लागतो, हेही विसरता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टर बाईंनी आपल्यापुरती एक वाट काढली होती. दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, त्या तपासणी करीत आणि सहा महिन्यांच्या गोळ्या हातात देत. बहुतेक जणी वैशाखात परत येत तेव्हा पिशवीचा विषय काढत नसत. सगळ्याच नव्हे.

प्रश्न : सोळा वर्षांची विवाहित मुलगी गर्भवती म्हणून तपासणीला आली, तर पोलिसांना कळवावे का?

कायदा स्पष्ट आहे. पोक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ प्रमाणे कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर लग्न झाले आहे ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एक सवलत दिली : अल्पवयीन मुलीने गर्भपातासाठी मदत मागितली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मात्र मूल हवे असलेल्या मुलीला या सवलतीचा उपयोग होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी आणि बीड जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे हा प्रश्न अपवादाचा नाही, ओपीडीतला रोजचा आहे. परिचारिका सांगतात की एका गावात गुन्हा नोंदला की त्या वर्षी आसपासच्या मुली नोंदणीलाच येत नाहीत, आल्या तर वय एकोणीस सांगतात, आणि रक्तक्षय असलेली मुलगी नवव्या महिन्यात थेट दारात येते. न कळवण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही आणि देत नाही. कळवण्याआधी मुलीशी एकटीने बोलावे, पुढे काय होईल ते तिला सांगावे, बालकल्याण समितीला त्याच वेळी कळवावे आणि गुन्हा नोंदला म्हणून तिची तपासणी एक दिवसही थांबवू नये. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाच्या पंगतीत जेवून आलेला ग्रामसेवक वर्षभराने आश्चर्य दाखवतो, तेव्हा सगळा भार त्या परिचारिकेवर येऊन पडतो.

प्रश्न : मी नैतिकता समितीवर सामान्य सदस्य आहे. तांत्रिक भाग समजत नाही. मी तेथे काय करावे?

तांत्रिक भाग समजणारे इतर सदस्य असतात. समितीत डॉक्टर नसलेला माणूस मुद्दाम ठेवलेला असतो. संमतीपत्राचे मराठी पान मोठ्याने वाचायला सांगा. वाचणारा अडखळला की तेथे लाल खूण करा. गावात कोण जाणार, किती वाजता जाणार, तेव्हा बायका शेतात असतात की घरी, हे विचारा. अपाय झाला तर खर्च कोण देणार हे वाक्य शोधा. आणि शेवटच्या पानावर "काही शंका असल्यास संपर्क साधावा" असे लिहून जो क्रमांक दिलेला असतो तो तपासा. एकदा मी बैठक चालू असतानाच तो लावून पाहिला. क्रमांक अस्तित्वात नाही असे उत्तर आले. प्रस्ताव परत गेला, आणि पुढच्या महिन्यात नवा क्रमांक घेऊन आला. संध्याकाळी सातनंतर पुन्हा लावला, कारण शेतातून बाई तेव्हा परतते. या वेळी कोणीतरी उचलला.